राजाची कृपा आणि माणसाचा हक्क : नाटककार मोलियर याचे जीवन

२१ फेब्रुवारी १६७३ ची रात्र. पॅरिस शहरातील रिशेल्यू रस्त्यावरच्या एका घरातून रात्री नऊच्या सुमारास एक शवपेटी बाहेर पडली. दिवसाउजेडी अंत्ययात्रा काढण्यास मनाई होती. चर्चमध्ये प्रार्थना होणार नव्हती. दोनच धर्मगुरूंना सोबत राहण्याची परवानगी होती. हातात मशाली घेतलेले लोक पेटीमागून मूकपणे चालत होते. पेटीतील देह त्या माणसाचा होता, ज्याच्या नाटकांनी फ्रान्सचा राजा आणि पॅरिसच्या बाजारातील कारागीर या दोघांनाही पंधरा वर्षे हसविले होते. मृत्यूनंतर चार दिवस त्याचे शव जमिनीची वाट पाहत पडून राहिले, कारण तो नट होता आणि मरणापूर्वी आपल्या व्यवसायाचा त्याग करीत असल्याचे त्याने लिहून दिले नव्हते.

दफनभूमीच्या दाराशीही माणसाची पायरी तपासली जाते, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच या परदेशी नाटककाराचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनी वाचावे असे मला वाटते. जगाच्या वाङ्मयात तो मोलियर या नावाने अमर झाला आहे.

पडदे-गाद्यांच्या दुकानातून रंगमंचाकडे

मोलियरचे मूळ नाव झां-बाप्तिस्त पोकलँ. १५ जानेवारी १६२२ रोजी पॅरिस येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या घराण्याचा धंदा पडदे, गाद्या आणि बैठका सजविण्याचा. वडिलांनी १६३१ मध्ये राजवाड्यातील याच कामाचे मानाचे पद मिळविले आणि पुढे ते थोरल्या मुलाकडे जावे अशी व्यवस्थाही केली. मूल दहा वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी मुलाला जेझुइट पंथाच्या नामांकित क्लेरमों विद्यालयात घातले. तेथे त्याने लॅटिन व प्राचीन रोमन नाटकांचा अभ्यास केला. त्यानंतर कायद्याचेही शिक्षण झाले. घर सुस्थितीत होते, दुकान चालते होते आणि राजदरबारी नोकरी ठरलेली होती. अशा तरुणाला आयुष्यात आणखी काय हवे, असे कोणीही म्हटले असते.

त्याने मात्र १६४३ मध्ये वडिलांच्या पदावरील हक्क सोडला आणि वाट्याला आलेला पैसा घेऊन नाटकमंडळी काढली. मादलेन बेजार ही अनुभवी नटी आणि तिची भावंडे त्याच्या सोबतीला होती. मंडळीचे नाव ठेवले ‘इल्युस्त्र तेआत्र’, म्हणजे ‘नामांकित रंगभूमी’. नाव मोठे असले तरी प्रेक्षक थोडे होते. याच काळात त्याने मोलियर हे नाव धारण केले. नटाचा धंदा त्या काळी कुळाला बट्टा लावणारा समजला जाई. त्यामुळे बहुतेक नट घरचे नाव मागे ठेवून रंगमंचाचे नाव घेत असत.

दोन वर्षांत मंडळी कर्जात बुडाली. त्या वेळी नाटकगृहात मेणबत्त्यांचा उजेड असे. या मेणबत्त्या पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या व अन्य सावकारांच्या देण्यापायी ऑगस्ट १६४५ मध्ये मोलियरला तुरुंगात जावे लागले. सुटून आल्यावर दुकानाकडे परतण्याची वाट मोकळी होती. त्याने ती धरली नाही. मादलेन व काही सोबत्यांना घेऊन त्याने राजधानी सोडली आणि तो प्रांतोप्रांती हिंडू लागला.

तेरा वर्षांची भटकंती

ही भटकंती सुमारे तेरा वर्षे चालली. गाड्यांवर सामान लादून मंडळी गावोगाव जात. कधी सरदाराच्या वाड्यात तर कधी चेंडूफळीच्या दालनात फळ्या टाकून रंगमंच उभारत. काही गावांत परवानगी मिळे, काही गावांत हाकलून देत. लियों हे शहर आणि दक्षिणेकडील लांगदोक प्रांत ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. याच प्रवासात मोलियरने आपली पहिली मोठी विनोदी नाटके लिहिली. शेतकरी, वकील, वैद्य, दलाल, धर्मोपदेशक, घरकामाच्या बायका अशी नाना तऱ्हेची माणसे आणि त्यांच्या बोलण्याचे ढंग त्याने या काळात जवळून पाहिले. त्याच्या नाटकातील मोलकरीण मालकापेक्षा शहाणी का असते, याचे उत्तर या तेरा वर्षांत सापडते.

याच काळातील एका घटनेची सावली पुढील आयुष्यावर पडली. प्रिन्स द कोंती हा मोठा सरदार काही वर्षे मंडळीचा आश्रयदाता होता. पुढे त्याला धर्माची ओढ लागली. त्याने नटांवरचा हात काढून घेतला आणि नंतर नाटकाच्या विरोधात ग्रंथही लिहिला. आश्रय देणाराच एका दिवसात शत्रू कसा होतो, हे मोलियरने स्वतः अनुभवले.

२४ ऑक्टोबर १६५८ रोजी पॅरिसमधील लूव्र राजवाड्यात मंडळीला तरुण राजा चौदावा लुई याच्यासमोर प्रयोग करण्याची संधी मिळाली. प्रथम कॉर्नेय या थोर नाटककाराची शोकांतिका सादर झाली. ती फारशी रंगली नाही. तेव्हा मोलियर पुढे आला आणि गावोगाव करीत असलेले एक छोटे प्रहसन करून दाखविण्याची परवानगी त्याने नम्रपणे मागितली. त्या प्रहसनाने राजा पोट धरून हसला. मंडळीला पॅरिसमध्ये नाटकगृह मिळाले. पुढच्याच वर्षी कृत्रिम भाषेत बोलणाऱ्या दिखाऊ स्त्रियांवरील त्याच्या प्रहसनाने पॅरिस गाजले.

नाटकमंडळीचा सूत्रधार

मोलियर एकाच वेळी लेखक, प्रमुख नट, तालीममास्तर आणि मंडळीचा चालक होता. ‘दिग्दर्शक’ हा शब्द त्या काळी नव्हता, पण काम तेच होते. १६६३ मध्ये त्याने ‘व्हर्सायची तत्क्षणी रचना’ अशा अर्थाच्या नावाचे एक छोटे नाटक लिहिले. त्यात तो स्वतः मोलियर म्हणून रंगमंचावर येतो आणि आपल्या नटांची तालीम घेतो. राजा येण्याची वेळ झाली आहे, संवाद पाठ नाहीत आणि नट गोंधळले आहेत. अशा स्थितीत तो एकेकाला त्याची भूमिका समजावून सांगतो. तत्कालीन बड्या नटांच्या ठेक्यात ओरडून बोलण्याच्या पद्धतीची तो नक्कल करतो आणि खरी माणसे बोलतात तसे बोला, असा आग्रह धरतो. रंगमंचावर नैसर्गिक अभिनय हवा, हा त्याच्या दिग्दर्शनाचा गाभा होता. नटाची नजर कुठे असावी, पाऊल कसे पडावे, येथपर्यंत तो बारकाईने पाहत असे.

मंडळीचा व्यवहारही लक्षात घेण्याजोगा होता. प्रयोगाचे उत्पन्न खर्च वजा जाता नटांमध्ये हिश्श्यांनी वाटले जाई आणि नटींनाही आपापला हिस्सा मिळे. ज्या काळात बाहेरच्या जगात स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवरही हक्क नव्हता, त्या काळात मादलेन मंडळीच्या कारभारात पुढे होती. ला ग्रांज नावाच्या नटाने १६५९ पासून प्रत्येक प्रयोगाची तारीख, नाटकाचे नाव व जमा रक्कम एका वहीत लिहून ठेवली. मोलियरच्या कारकिर्दीची विश्वसनीय माहिती आज आपल्याला मिळते, ती मुख्यतः या वहीमुळे. नोंद ठेवणाऱ्या माणसाचे इतिहासावर किती उपकार असतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१६६२ मध्ये मोलियरने आर्मांद बेजार या आपल्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी लहान असलेल्या नटीशी विवाह केला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे ‘बायकांची शाळा’ हे नाटक आले. एक प्रौढ श्रीमंत मनुष्य एका अनाथ मुलीला लहानपणापासून जाणूनबुजून अज्ञानात वाढवितो, कारण अडाणी बायको आज्ञेत राहते अशी त्याची समजूत असते. मुलगी मोठी होते, तिला प्रेम कळते आणि त्याचा सारा बंदोबस्त कोसळतो. अज्ञान हे गुलाम ठेवण्याचे साधन असते आणि ते कायम टिकत नाही, ही गोष्ट त्याने हसत हसत सांगितली. नाटक तुफान चालले आणि त्याबरोबर शत्रूही वाढले. नाटक अश्लील आहे, धर्माची थट्टा करणारे आहे, अशी ओरड झाली. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या विवाहाविषयी अत्यंत हीन आरोप केले. राजाने त्यावर दिलेले उत्तर कृतीचे होते. १६६४ मध्ये मोलियरला पुत्र झाला, तेव्हा राजा स्वतः त्याचा धर्मपिता झाला. ते मूल त्याच वर्षी वारले.

पाच वर्षांची बंदी

१२ मे १६६४ रोजी व्हर्साय येथील राजोत्सवात मोलियरने तीन अंकांचे एक नवे नाटक सादर केले. त्याचे नाव ‘तार्त्युफ’. आज जे पाच अंकी नाटक उपलब्ध आहे, त्याचे कथानक असे : ऑर्गों हा सधन गृहस्थ तार्त्युफ नावाच्या एका माणसाला घरी आणून ठेवतो. हा मनुष्य चर्चमध्ये गुडघे टेकून मोठ्याने उसासे टाकत असतो. त्याच्या भक्तीने ऑर्गों भारावून जातो. बायको आजारी असल्याचे कळले तरी तो तार्त्युफचीच चौकशी करतो. मुलीचे ठरलेले लग्न मोडून तिला तार्त्युफला देऊ पाहतो. खरे बोलणाऱ्या मुलाला घराबाहेर काढतो आणि सारी मालमत्ता त्या भोंदूच्या नावे करून देतो. शेवटी पत्नी एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली लपविते, आणि तार्त्युफ आपल्याच बायकोशी कसा वागतो हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकावे लागते. तोवर घर हातचे गेलेले असते.

या नाटकाची खरी ताकद कशात आहे, हे समजून घेतले पाहिजे. तार्त्युफ पहिले दोन अंक रंगमंचावर येतच नाही. प्रेक्षक त्याआधी पाहतात तो ऑर्गोंला. भोंदू मनुष्य एकटा काही करू शकत नाही. त्याला घराचे दार उघडून देणारा, त्याच्यासाठी स्वतःच्या मुलांना परके करणारा भाबडा यजमान लागतो. मोलियरने ऑर्गोंची भूमिका स्वतःकडे ठेवली होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आणि त्या घरात भोंदूपणा सर्वांत आधी ओळखून तोंडावर बोलून दाखविते, ती दोरीन ही घरातली दासी.

धर्मनिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या गटांनी प्रयोगाआधीच विरोधाची तयारी केली होती. राजाने नाटक पाहिले, त्याला ते आवडले, तरीही त्याने जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. पॅरिसमधील एका पाद्र्याने पुस्तक लिहून, मोलियर हा मनुष्यदेहातील सैतान असून त्याला जिवंत जाळावे अशी मागणी केली. ही पोकळ धमकी नव्हती. धर्मनिंदेच्या आरोपाखाली माणसे जाळली जात, असा तो काळ होता.

मोलियरने राजाकडे लेखी अर्ज केला. विनोदी नाटकाचे काम माणसांचे दोष दाखविण्याचे आहे आणि ढोंग हा सर्वांत घातक दोष आहे, अशी त्याची भूमिका होती. खऱ्या श्रद्धेची आपण निंदा केलेली नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. नाटक करता येत नव्हते, म्हणून तो खासगी बैठकांत ते वाचून दाखवू लागला. दरम्यान १६६५ मध्ये त्याने ‘दों जुआं’ हे नवे नाटक रंगमंचावर आणले. त्यातही ढोंगावर प्रहार होता. पंधरा प्रयोगांनंतर ते बंद पडले आणि त्याच्या हयातीत पुन्हा झाले नाही. त्याच वर्षी राजाने मंडळीला आपले नाव व वार्षिक ६,००० लिव्र तनखा दिला. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने बंदी, असा हा राजाश्रय होता.

५ ऑगस्ट १६६७ रोजी मोलियरने नाटकाचे नाव बदलून, पात्राचे नाव बदलून, धारदार जागा बोथट करून ते पॅरिसमध्ये सादर केले. नाटकगृह भरून गेले. राजा त्या वेळी युद्धासाठी फ्लँडर्समध्ये होता. दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकाऱ्यांनी प्रयोग थांबविला. काही दिवसांत पॅरिसच्या मुख्य बिशपने फर्मान काढले की, हे नाटक जो करील, वाचील किंवा ऐकेल त्याला धर्माबाहेर टाकले जाईल. मोलियरने ला ग्रांज व आणखी एका नटाला अर्ज देऊन थेट लील शहराच्या वेढ्यातील राजाच्या छावणीकडे पाठविले. परत आल्यावर विचार करू, एवढेच आश्वासन मिळाले. मंडळीने सात आठवडे प्रयोग केले नाहीत.

या साऱ्या काळात मोलियरने हात बांधून घेतले नव्हते. ‘मनुष्यद्वेष्टा’, ‘मारून मुटकून केलेला वैद्य’, ‘कंजूष’ ही नाटके त्याने याच वर्षांत लिहिली. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजी ‘तार्त्युफ’च्या जाहीर प्रयोगाला परवानगी मिळाली. लोकांनी नाटकगृहावर अक्षरशः झुंबड केली. पाच वर्षे अडविलेले नाटक त्याच्या कारकिर्दीतील मोठे यश ठरले.

शेवटचा प्रयोग

पुढील चार वर्षे कामाची आणि आजारपणाची होती. छातीचा विकार बळावला होता. नवश्रीमंताची फजिती दाखविणारे नाटक १६७० मध्ये आणि विदुषींच्या पांडित्यावरचे नाटक १६७२ मध्ये आले. १७ फेब्रुवारी १६७२ रोजी मादलेन बेजार वारली. तिने मरणापूर्वी नटीच्या व्यवसायाचा त्याग लिहून दिला होता, म्हणून तिला धर्मविधीने दफन मिळाले. जिने तीस वर्षे रंगभूमीची सेवा केली, तिला चर्चच्या भूमीत जागा मिळावी म्हणून आपले सारे आयुष्य नाकारावे लागले.

बरोबर एक वर्षाने, १७ फेब्रुवारी १६७३ रोजी ‘काल्पनिक रोगी’ या नव्या नाटकाचा चौथा प्रयोग होता. खरोखर आजारी असलेला मोलियर त्यात स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका करीत होता. त्या दिवशी प्रकृती फारच बिघडली होती. पुढे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे की, प्रयोग रद्द करावा अशी विनंती पत्नीने व शिष्याने केली, परंतु नाटकगृहातील पन्नास कामगारांचे त्या दिवसाच्या मजुरीवर पोट आहे, या विचाराने त्याने ती मानली नाही. शेवटच्या प्रवेशात त्याला झटका आला आणि त्याने तो हास्याखाली लपविला. प्रयोग पूर्ण झाला. घरी नेल्यावर खोकल्यासरशी रक्त पडले. बोलावलेले दोन पाद्री आले नाहीत. तिसरा आला तेव्हा सर्व संपले होते. मोलियरचे वय एक्कावन्न वर्षांचे होते.

स्थानिक पाद्र्याने दफन नाकारले. आर्मांदने मुख्य बिशपकडे अर्ज केला आणि राजाचे पायही धरले. राजाच्या सूचनेने तडजोड झाली. ती कशी, हे आपण आरंभी पाहिले.

कृपा आणि हक्क

मोलियरचे चरित्र इथे संपत नाही. वस्तुतः १६४१ मध्येच तेराव्या लुईने नटांचा व्यवसाय त्यांच्यासाठी कलंक मानू नये असे घोषित केले होते. घोषणा कागदावर राहिली आणि दफनभूमीच्या दारावर जुनाच नियम चालला. चौदाव्या लुईची कृपा तर मोलियरवर अपार होती. या कृपेने त्याला नाटकगृह दिले, तनखा दिला, पाच वर्षांनी नाटकाची परवानगी दिली आणि शेवटी अंधारात जमिनीचा तुकडा दिला. मोलियरनेही या कृपेची किंमत मोजली. ‘तार्त्युफ’च्या शेवटी राजाचा अधिकारी अकस्मात येऊन भोंदूला पकडतो आणि राजाच्या न्यायबुद्धीची स्तुती होते. हा शेवट ओढून आणल्यासारखा वाटतो हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तो त्या नाटककाराच्या स्थितीचे खरे चित्र आहे. त्या घराला वाचविण्यास राजाच्या मर्जीखेरीज दुसरे साधनच नव्हते.

मर्जी एका माणसावर होते आणि त्याच्याबरोबर संपते. मोलियरनंतर सत्तावन्न वर्षांनी, १७३० मध्ये, आद्रिएन लकुव्रर या श्रेष्ठ नटीचे निधन झाले. तिलाही दफनभूमी नाकारली गेली आणि रात्री सेन नदीकाठच्या पडीक जागेत पुरण्यात आले. तिचा मित्र व्होल्तेर याने त्यावर संतापाने लिहिले. मोलियरला मिळालेली सवलतही तिच्या वाट्याला आली नाही.

बदल झाला तो १७८९ च्या क्रांतीने. माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाल्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत प्रश्न आला की, नट, प्रोटेस्टंट, ज्यू आणि फाशी देणारे जल्लाद यांना पूर्ण नागरिक मानावे काय. २४ डिसेंबर रोजी नट आणि प्रोटेस्टंट यांच्या बाजूने निर्णय झाला. ज्यूंचा प्रश्न तेव्हा पुढे ढकलला गेला आणि सर्व ज्यूंना हक्क मिळण्यास १७९१ उजाडले. नटाला नागरिकत्व मिळाले ते एखाद्या राजाला त्याचे प्रहसन आवडले म्हणून नाही. तो माणूस आहे, एवढेच कारण आता पुरेसे होते. मोलियरच्या रात्रीच्या अंत्ययात्रेपासून तोवर एकशे सोळा वर्षे लोटली होती.

१६८० मध्ये त्याची मंडळी आणि प्रतिस्पर्धी मंडळी एकत्र करून स्थापन झालेली राष्ट्रीय नाट्यसंस्था आजही मोलियरचे घर म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातही तो परका राहिला नाही. हरि नारायण आपटे यांनी त्याचे वैद्याचे नाटक ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ या नावाने मराठीत आणले, आणि आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ त्याच्या ‘कंजूष’वर आधारलेले आहे.

आपल्या वसतिगृहातील मुले-मुली दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटके करतात. तालमीसाठी रात्री जागतात, ओढण्या व चादरींचे पडदे लावतात. नाटक हा अभ्यासातून सवड काढून करायचा खेळ आहे, असे काही पालकांना वाटते. त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी एकदा दोरीनची गोष्ट आठवावी. घरातील सर्वांत खालच्या पायरीवरची मुलगी मालकासमोर उभी राहते आणि जे दिसते ते स्पष्ट बोलते. रंगमंचावर एकदा असे बोलायला शिकलेले मूल पुढे रंगमंचाबाहेरही बोलते. त्या बोलण्याला आज आपल्या देशात कोणाच्या मर्जीची गरज नाही. आपल्या राज्यघटनेने तो हक्क दिला आहे. मोलियरला तो कधीच मिळाला नव्हता.